आजीचा जबाब हाही पुरावा

डोळखांब सोडून साकुर्लीवरून डेहण्याच्या दिशेने निघाले की आजोबाचा डोंगर समोर उभा राहतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे लागत जातात. या पाड्यांना राज्यघटनेचा एक जादा भाग लागू आहे. तो तासा-दीड तासावरच्या कल्याण-डोंबिवलीला लागू नाही. घटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. शेजारच्या मुरबाड तालुक्यातली मात्र ठरावीक गावेच त्यात आहेत, त्यामुळे मुरबाडकरांनी १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीत आपल्या गावाचे नाव आहे की नाही हे आधी पाहून घ्यावे. शहापूरचे हे वेगळेपण आजचे नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली १९३६ साली ज्या मुलखाला 'अंशतः वगळलेले क्षेत्र' ठरवले गेले, त्यात ठाणे जिल्ह्यातले डहाणू आणि शहापूर हे तालुके होते आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे होते. इथल्या लोकांची जमीन आणि जंगल सर्वसाधारण कायद्यांच्या भरवशावर टिकणार नाही, हे परक्या सरकारलाही तेव्हा कबूल करावे लागले होते.

वनपट्ट्याचा दावा करताना, जमिनीचा व्यवहार करताना, धरणाची नोटीस आल्यावर आणि मुलाला पहिलीत घालतानाही या वेगळ्या कायद्याचा उपयोग होतो. तरीही पाड्यावरची बहुतेक माणसे 'आमच्याकडे कागद नाही' या एका वाक्यापाशी अडतात. हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने अर्धवट आहे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या लिहिले नाही, त्यांचा पुरावा त्यांच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आणि त्यांच्या बोलीत असतो. कायद्याने तो मानलेला आहे. मात्र कुणीतरी बसून तो लिहून घ्यावा लागतो, आणि हे काम पाड्यावरच्या शिकलेल्या मुलामुलींचे, शिक्षकांचे आणि ग्रामसेवकांचे आहे. पुढचे सगळे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सभा कुणाची

पहिला प्रश्न सभेचा. २४ डिसेंबर १९९६ रोजी केंद्राने अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायतींचा वेगळा कायदा केला. त्याला सगळे 'पेसा' म्हणतात. दिलीपसिंग भुरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशींवर तो बेतलेला आहे. या कायद्यातली गावाची व्याख्या महसुली नकाशावरून घेतलेली नाही. एकत्र राहणारा आणि आपल्या रूढीपरंपरेने आपला कारभार पाहणारा समाज जिथे वसला आहे, तो पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव. अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा असते.

प्रत्यक्षात मात्र एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात आणि सभा मुख्य गावात भरते. कातकरवाडीवरच्या बाया मजुरी बुडवून तिथवर जात नाहीत, गेल्या तरी मागे बसतात आणि विषय संपायच्या आत उठतात. यावर उपाय महाराष्ट्राच्या ४ मार्च २०१४ च्या पेसा नियमांत आहे. पाड्यावरच्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे करायची. शहापूरसाठी प्रांत कार्यालय भिवंडीला आहे आणि मुरबाडसाठी कल्याणला. अर्जासोबत पाड्याची मतदारयादी, ठरावावरच्या सह्या आणि अंगठे आणि शिवेचे वर्णन जोडावे. कोणत्या ओढ्यापासून कोणत्या टेपापर्यंत, कुठल्या झाडाच्या खुणेपर्यंत, असे ते वर्णन असावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

स्वतंत्र गावाचा फायदा मानापुरता नाही. वनहक्काच्या ठरावाला ग्रामसभेच्या किमान निम्म्या सदस्यांची हजेरी लागते. हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे तरी उपस्थित हवेत. हजारो मतदारांच्या पंचायतीत ही गणसंख्या कधीच जमत नाही. पाड्यावर ती एका संध्याकाळी जमते. राज्याच्या आदिवासी घटक कार्यक्रमातून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून जो पाच टक्के अबंध निधी येतो, तो कशावर खर्च करायचा हे ठरवतानाही वेगळ्या सभेचा आवाज वेगळा मोजला जातो. पाण्याची टाकी मुख्य गावात होते आणि पाडा हंडे घेऊन फिरत राहतो, हे चित्र शहापूर तालुक्याला चांगले ठाऊक आहे. भातसा, तानसा, मोडकसागर या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात.

सभेची तारीख निवडताना एक गोष्ट विसरू नये. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २६ जानेवारीची सभा म्हणूनच अनेक वाड्यांवर रिकामी असते. महत्त्वाचे ठराव आवण झाल्यानंतर, माणसे घरी असताना घ्यावेत. कामाला जाताना हक्कही मागे राहून जाणार असेल, तर दोष जाणाऱ्यांचा नाही, तारीख ठरवणाऱ्यांचा आहे.

जबाब कसा घ्यावा

वनहक्क कायदा २००६ चा. तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला, नियम २००८ चे आणि त्यांतल्या मोठ्या सुधारणा सप्टेंबर २०१२ च्या. आदिवासी कुटुंबाची वहिवाट १३ डिसेंबर २००५ च्या आधीची असली पाहिजे आणि वैयक्तिक हक्क चार हेक्टरच्या आत मिळतो. कुणबी, आगरी अशा बिगर आदिवासी कुटुंबांनाही हा कायदा खुला आहे, पण त्यांना त्या तारखेआधीचा ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीकडे करायचा. समितीत १० ते १५ माणसे असतात, त्यांत दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश स्त्रिया.

पुराव्याचा नियम तेरावा आहे आणि तो प्रत्येक पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवण्यासारखा आहे. त्यात जनगणना, सातबारा, वनखात्याचे कागद, न्यायालयाचे हुकूम हे सगळे आहेच. त्याच्या बरोबरीने घर, झोपडी, शेताचा बांध, जुनी विहीर, स्मशानभूमी, देवाची जागा या जमिनीवरच्या खुणाही पुरावा ठरतात. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाबही पुरावा ठरतात. या प्रकारांपैकी एकाहून अधिक पुरावे जोडायचे असतात. म्हणजे एक बांध आणि दोन म्हाताऱ्यांचे जबाब एवढ्यावरही दावा उभा राहू शकतो. उपविभागीय किंवा जिल्हा समितीला 'अमुकच कागद आणा' असा हट्ट धरता येत नाही. उपग्रहाचे छायाचित्र इतर पुराव्याला पूरक म्हणून चालते, त्याच्या जागी नाही. जुन्या दंडाच्या पावत्या किंवा अतिक्रमणाच्या याद्या हा दावा फेटाळण्याचा एकमेव आधार होऊ शकत नाही. उलट वनखात्याने पूर्वी केलेला दंड म्हणजे त्या वर्षी ते कुटुंब त्या जमिनीवर होते याची खात्याच्याच हातची नोंद आहे. अशी पावती कुठे कणगीत, पत्र्याच्या पेटीत पडली असेल तर ती आधी शोधावी.

जबाब घेणे हे कौशल्याचे काम आहे आणि ते घाईत बिघडते. 'तुमची वहिवाट २००५ पूर्वीची आहे का' असा प्रश्न सत्तरीच्या आजीला विचारून काही हाती लागत नाही. तिला सालाची मोजणी सांगता येत नाही, पण घडलेले सगळे सांगता येते. तारखेसाठी ठाणे जिल्ह्यात एक पक्की खूण आहे. २६ जुलै २००५ चा महापूर कुणीही विसरलेले नाही, आणि कायद्याची तारीख त्यानंतर साडेचार महिन्यांनी येते. त्या पुराच्या पावसाळ्यात या दळ्यात काय पेरले होते, नाचणी की वरई, बांध कुठे फुटला, तो कुणी घातला, असे विचारले की उत्तर आपोआप योग्य काळात पडते. त्याहून मागे जायचे तर १९७२ चा दुष्काळ आहे, भातसा धरणाचे काम आहे. राब कुठे भाजायचे, गुरे कोणत्या वाटेने न्यायची, पहिला आंबा किंवा फणस कुणी लावला, घरातली माणसे कुठे पुरली, गावदेवाला कोंबडे कुठे कापतात: या प्रश्नांतून निघालेल्या प्रत्येक जागेला नियम तेरामध्ये स्थान आहे.

जबाब देणारी व्यक्ती दावेदाराच्या घरची नसावी. शक्यतो दोन-तीन वेगळ्या घरांतली, त्यातही एखादी शेजारच्या पाड्यावरची असावी. तिचे नाव, अंदाजे वय, पाडा, दावेदाराशी असलेला संबंध आणि 'हे मला कसे माहीत' याचे एक वाक्य आवर्जून लिहावे. आमची जमीन लागून होती, आम्ही एकत्र आवणी करायचो, असे. मग ती जसे बोलली तसे, तिच्याच बोलीत, देवनागरीत उतरवावे. खाली प्रमाण मराठीत त्याचा अर्थ द्यावा म्हणजे भिवंडीला बसलेल्या कारकुनाला वाचता येईल, पण वरचा मजकूर सुधारू नये. सगळ्या जबाबांची भाषा एकाच साच्यातली, 'सदर दावेदार हे सदर क्षेत्र कसत आलेले आहेत' अशी निघाली की समितीला ते एकाच माणसाने लिहिल्याचा संशय येतो, आणि तो रास्तही असतो. जबाब वाचून दाखवावा, अंगठा किंवा सही घ्यावी, वाचून दाखवणाऱ्याची आणि वनहक्क समितीच्या दोन सदस्यांची सही घ्यावी. मोबाईलवर आवाज नोंदवून ठेवावा. तो आधार म्हणून कामी येतो, पण लेखी जबाबाची जागा घेत नाही.

स्थळपाहणीला जाण्याआधी वनखात्याला आणि महसूल खात्याला लेखी सूचना द्यावी आणि पोच जपून ठेवावी. वनपाल आले तर पंचनाम्यावर त्यांची सही, हुद्दा आणि शेरा घ्यावा. न आल्यास तसे पंचनाम्यात लिहावे.

दावे तीन वेगवेगळ्या नमुन्यांत असतात: वैयक्तिक, सामूहिक, आणि सामूहिक वनसंसाधनाचा. बहुतेक पाडे पहिल्यावरच थांबतात, हे मोठे नुकसान आहे. तिसऱ्या प्रकारात आख्ख्या जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे येते. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाने तो २००९ साली मिळवला, १८०९ हेक्टरांवर, आणि २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेने स्वतः बांबूचे वाहतूक परवाने द्यायला सुरुवात केली. शहापुरात जंगलाच्या मालाची ताकद वेगळ्या रीतीने दिसली. इथल्या कातकरी तरुणांनी वन धन केंद्रातून गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकली आणि देशभर त्यांचे नाव झाले. औषधी वनस्पती, कंद, मध, मोह यांवरची मालकी वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये आहेच. सामूहिक हक्काचा कागद हातात असला की व्यापाऱ्याशी भाव करताना आणि नाक्यावर गाडी अडवली गेल्यावर तो दाखवता येतो. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे महाराष्ट्रातले विशेष असुरक्षित आदिवासी गट आहेत. त्यांना परंपरागत अधिवासाचाही हक्क आहे आणि तो त्यांना मिळतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी नियमाने जिल्हा समितीवर टाकली आहे. डोळखांबच्या परिसरातल्या कातकरवाड्यांनी एकत्र येऊन तशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करायला हवी.

रस्त्यासाठीही हाच कायदा. बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागणाऱ्या पाड्यांची बातमी शहापुरातून दर पावसाळ्यात येते आणि 'वनखात्याची हरकत आहे' हे कारण दर वेळी पुढे होते. कलम ३(२) प्रमाणे रस्ता, अंगणवाडी, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, विजेची तार यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले आपले अधिकार वापरून सप्टेंबर २०२० मध्ये शेजारच्या वनजमिनीवर घरे बांधण्याचीही वाट मोकळी केली. घराखालची जमीन खाजगी मालकाची असेल तर मात्र हा कायदा उपयोगाचा नाही. अशा वाड्यांनी जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाण ठरवून देण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी.

दावा फेटाळला तर कारणे लेखी मागावीत. तपशीलवार कारणे देणे समित्यांना बंधनकारक आहे आणि निव्वळ तांत्रिक मुद्द्यावर दावा फेटाळता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत, तिच्या निर्णयाविरुद्ध ठाण्याच्या जिल्हा समितीकडे ६० दिवसांत दाद मागायची. पूर्वी जिल्हा समितीचा शब्द शेवटचा असे. १८ मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात त्यावरही विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील ठेवले. कोकण विभागाचे ते कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला होता आणि पंधरवड्याच्या आत स्वतःच तो थांबवला. त्या दिवसांत पसरलेली भीती अजून काही पाड्यांवर आहे. पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही कसत असलेल्या जमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम ४(५) सांगते. वनहक्काच्या जमिनीच्या उपभोगात अडथळा आणणे हा २०१६ पासून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि पट्टा आला की त्यावर नवरा-बायको दोघांची नावे आहेत का ते पाहावे. कायद्यात तसेच आहे.

आपल्या बोलीत मागण्याचा हक्क

म्हातारीचा जबाब तिच्या बोलीत लिहावा असे वर म्हटले, त्याला घटनेचा आधार आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे मांडणारे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. अनुच्छेद २९(१) नुसार स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क आहे. 'ठाकरी, कातकरी या बोली आहेत, त्यांना लिपी नाही, मग भाषिक अल्पसंख्याक कसले' हा युक्तिवाद शिकलेल्या लोकांच्या तोंडी सर्रास असतो. सर्वोच्च न्यायालयाने तो १९७१ सालीच निकालात काढला. डी. ए. व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्यायालयाने म्हटले की भाषिक अल्पसंख्याकांची बोलली जाणारी भाषा वेगळी असणे पुरेसे आहे, तिची लिपी वेगळी असण्याची गरज नाही.

सीमाभागातल्या मराठी माणसाला ही कलमे पाठ असतात. बेळगाव-खानापूरचे मराठीभाषक सरकारी परिपत्रके आणि उतारे मराठीत मागतात ते याच घटनात्मक संरक्षणांच्या आणि १९५६ च्या केंद्रीय निवेदनापासून चालत आलेल्या योजनेच्या जोरावर. त्यांची मागणी महाराष्ट्राला न्याय्य वाटते, आणि ती आहेच. तीच कलमे डोळखांबच्या कातकरवाडीलाही लागू होतात, हे महाराष्ट्राने तितक्याच मोकळेपणी मान्य केले पाहिजे.

पोलीस ठाण्यात या हक्काची गरज सर्वांत तातडीची असते. १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत, अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगणे पुरेसे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, न्यायालयाने सगळ्याच अटकांबाबत ही कारणे समजणाऱ्या भाषेत लेखी देण्याचे बंधन घातले. लाकूड तोडल्याच्या किंवा शिकारीच्या संशयावरून कुणाला उचलले तर नातेवाइकांनी पहिली मागणी हीच करावी. माहितीच्या अधिकारातही ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम आहे. अंगठेबहाद्दर म्हणून परत पाठवणे बेकायदा आहे.

शाळेचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि इथे कायद्याचे हात थोडे आखूड आहेत. अनुच्छेद ३५०-अ १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याक गटांतल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये 'शक्य असेल तेथवर' मातृभाषा आहे. दोन्हींत पळवाट आहे आणि ती वापरली जाते. पहिलीतले कातकरी मूल बाईंचे मराठी ऐकून गप्प बसते आणि त्याच्या दाखल्यावर 'मराठी माध्यम, मातृभाषा मराठी' असे लिहिलेले असते. इथूनच सुरुवात करावी. प्रवेशाच्या वेळी मातृभाषेच्या रकान्यात घरी बोलली जाणारी बोली लिहून घेण्याचा आग्रह पालकांनी धरावा, आणि जनगणनेचा प्रगणक आला की तोच आग्रह तिथेही धरावा. दहा हजारांहून कमी भाषकांची नावे जनगणना १९७१ पासून वेगळी छापत नाही, म्हणून एका घराने भीड म्हणून 'मराठी' सांगितले तर नुकसान साऱ्या समाजाचे होते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पहिली-दुसरीच्या वर्गात बोली जाणणारी गावातली मुलगी मदतनीस म्हणून बसावी असा ठराव ही समिती करू शकते, आणि अबंध निधीतून तिचे मानधन देण्याची मागणी ग्रामसभेपुढे ठेवू शकते. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. तिच्याकडे आणि शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे बोलीतल्या साहित्याची लेखी मागणी करावी. स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक भरण्याची राज्यपालांची २०१४ ची अधिसूचना बोली जाणणारा शिक्षक देणारी होती. पण आंध्रातल्या अशाच शंभर टक्के आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द ठरवल्यावर तीही न्यायालयीन वादात सापडली.

दाखला, जमीन आणि धरण

जातीच्या दाखल्याच्या वेळी तीच बोली उलटी तपासली जाते. पडताळणी समितीचे दक्षता पथक देव, लग्नविधी, बोली यांबद्दल विचारते आणि शहरात वाढलेला ठाकूर मुलगा अडखळला की 'जमातीशी आप्तभाव नाही' असा शेरा येतो. २४ मार्च २०२३ रोजी आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नाही. घटनेपूर्वीच्या कागदांचे वजन सर्वांत अधिक. म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, जन्ममृत्यूचे उतारे, जुने फेरफार यांच्या नकला मुलगा दहावीत असतानाच काढून ठेवाव्यात.

जमिनीबाबत थोडक्यात. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणे, दान देणे, अदलाबदल करणे, गहाण किंवा भाड्याने देणे हे ६ जुलै १९७४ पासून महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. अशा रस्त्यांच्या अंगाने साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्रे फिरू लागतात. स्वतःच्या नावे मुखत्यारपत्र मागणाऱ्याला सही देण्याआधी कागद वकिलाला दाखवावा.

प्रकल्पांच्या बाबतीत मुरबाडचे काळू धरण डोळ्यासमोर ठेवावे. महानगराला पाणी देण्यासाठी आखलेल्या या धरणाचे काम वनमंजुरी हाती नसताना सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली, बुडणाऱ्या गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. प्रस्ताव त्यानंतरही मागे पडलेला नाही. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न डोंगराळ गावांच्या सभांपुढे ठेवायला सांगितले आणि बाराही सभांनी नकार दिला. तिथेही गावकऱ्यांनी आपल्या देवाच्या डोंगराबद्दल आपल्या भाषेतच सांगितले होते. नोटीस आली की ती कोणत्या कायद्याखाली आहे हे आधी पाहावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल तर कलम ४१ प्रमाणे अनुसूचित क्षेत्रात आधी संमती घ्यावी लागते. महामार्ग आणि रेल्वेसाठी वेगळे कायदे वापरले जातात, तिथे हरकतीची मुदत फार थोडी असते. ठरावात 'विरोध आहे' एवढेच लिहू नये. किती कुटुंबे, कोणती शेते, कोणते वनहक्क दावे प्रलंबित, कोणते देवस्थान आणि स्मशान पाण्याखाली जाणार, हे नावनिशीवार लिहावे. आधी घेतलेले जबाब इथे जसेच्या तसे जोडता येतात.

या सगळ्यासाठी वकिलाची फी लागेल या भीतीने थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करायचा, सोबत जातीचा दाखला किंवा तो नसल्यास तसे लिहिलेले निवेदन द्यायचे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही ही मदत मागता येते.